संकेत, शिक्का आणि मोर्तब : गूढसंकेतांच्या कादंबरीचा वाचक

मराठीत ‘संकेत’ हा शब्द एकाच वेळी तीन कामे करतो. दोघांत ठरलेली खूण म्हणजे संकेत. तिऱ्हाइताला उमगू नये म्हणून योजलेली लिपी ती सांकेतिक लिपी. आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली लेखनाची रीत, तीही संकेतच. समीक्षेच्या परिभाषेत यांपैकी तिसरा अर्थ प्रमुख झाला व पहिले दोन अर्थ व्यवहाराकडे राहिले. जुन्या मुद्रेत, शिलालेखात किंवा पोथीत दडवलेल्या गुप्त मजकुराभोवती रचलेल्या रहस्यकादंबरीत मात्र हे तिन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात. पहिले दोन तिच्या कथानकाचा विषय होतात. तिसरा तिच्या रचनेचा पाया असतो. या कादंबरीत लिपी शेवटी फोडली जाते. पण ती फोडण्याची कथा ज्या वाङ्मयीन संकेतांवर उभी असते, त्यांतील एकही संकेत सहसा मोडला जात नाही. वाचकाला कोडे सुटल्याचा आनंद मिळतो आणि त्या आनंदाच्या भरात आपण स्वतः काहीच सोडवले नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

डॉ. प्रकाश सूर्यकांत कोयाडे यांच्या ‘प्रतिपश्चंद्र’ या कादंबरीला अलीकडच्या वर्षांत मराठीत मोठा वाचकवर्ग लाभला. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतील पहिला शब्द शीर्षकात घेऊन, शिवकालाशी निगडित गुपिताचा वर्तमानात शोध घेणारी ही कादंबरी मराठीतील गूढसंकेतांच्या कादंबरीचे बहुधा सर्वांत परिचित उदाहरण आहे. तिचे वाङ्मयीन कुळ परके आहे. एडगर अॅलन पो यांच्या ‘द गोल्ड-बग’ (१८४३) या कथेत सांकेतिक लिपी आणि पुरलेला खजिना यांची जोडी जमली. डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ने (२००३) त्या जोडीला धर्मेतिहासाची भव्य पार्श्वभूमी दिली. परंतु उसना आराखडा हा दोष मानण्याचे कारण नाही. मराठी कादंबरीने आपला रूपबंध आरंभापासून असाच मिळवला आहे. विचारात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. हा आराखडा मराठी इतिहासावर बसवला की वाचकाच्या प्रतिसादात कोणता पालट होतो?

गुप्तहेरकथेचा वाचक ‘खुनी कोण?’ असे विचारतो. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा ज्या वाचकाने झपाट्याने वाचल्या, त्याने त्यांतील एकाही घटनेच्या सत्यतेचा प्रश्न कधी उपस्थित केला नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकालाही हा प्रश्न फारसा छळत नसे. ‘श्रीमान योगी’मधील (१९६८) संवाद रणजित देसाई यांनी कल्पिलेले आहेत, हे त्या वाचकाला ठाऊक होते आणि ते ठाऊक असूनही त्याचे डोळे पाणावत. गूढसंकेतांच्या कादंबरीचा वाचक पुस्तक मिटताना जो प्रश्न विचारतो तो या दोघांहून निराळा आहे : ‘हे खरे असेल का?’ त्याला कल्पित प्रसंग भावनेच्या रूपाने भेटलेला नसतो, तो पुराव्याच्या रूपाने भेटलेला असतो. तारीख, गडाचे नाव, मुद्रेतील अक्षर, मोजलेले अंतर अशा सामग्रीवर कादंबरीतील तर्क उभा राहतो. त्या सामग्रीतील बराच भाग खरा असल्यामुळे तर्काचा शेवटचा, कल्पित दुवाही खऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून या वाङ्मयप्रकाराविषयी बोलताना केवळ रंजनाचा निकष पुरेसा ठरत नाही.

रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’मध्ये (१९७०) कथनातील ज्या पाच संकेतव्यूहांचा निर्देश केला, त्यांतील एक रहस्याचा आहे. प्रश्न मांडणे, त्याचे उत्तर लांबवणे, फसवे उत्तर पुढे करणे आणि अखेरीस उकल करणे ही त्याची कार्यपद्धती. बाल्झाकच्या कथेत हा व्यूह इतर चारांच्या बरोबरीने वावरतो. गूढसंकेतांच्या कादंबरीत तो बाकीच्यांना गिळून टाकतो. पात्रांना स्वभाव असतो तो कोड्याला लागेल तेवढा. गड, देवळे, तळघरे यांना अस्तित्व असते ते पुढचा धागा तेथे सापडेपर्यंत. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ‘रिक्त जागा’ वाचकाच्या कल्पकतेला आवाहन करतात असे म्हटले होते. येथेही रिक्त जागा पुष्कळ असतात, पण त्या वाचकाने भरावयाच्या नसतात. त्या लेखकाने राखून ठेवलेल्या आरक्षित जागा असतात, आणि वाचकाने तिष्ठत राहावे एवढीच अपेक्षा असते.

या तिष्ठण्याचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून महाबळेश्वरच्या परिसरातीलच एका जुन्या कथनाकडे वळणे उपयुक्त ठरेल. महाबळेश्वराच्या पठाराखाली, जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला. मराठी मनाला या प्रसंगाइतका रहस्यमय प्रसंग क्वचितच दुसरा वाटत असेल : घनदाट रान, वकिलांची ये-जा, अंगरख्याखालचे चिलखत, मुठीतली वाघनखे. परंतु कृष्णाजी अनंत सभासद १६९७ मध्ये जिंजी येथे बखर लिहितो तेव्हा यांपैकी काहीच तो वाचकापासून लपवत नाही. राजांनी अंगावर काय घातले, हातात काय लपवले, गडावरून तोफेचा आवाज होताच रानातल्या फौजांनी काय करावयाचे, हे सारे भेटीच्या आधीच वाचकाच्या पदरात पडते. खूण वाचकाला ठाऊक असते, खानाला नसते. ताण निर्माण होतो तो या अंतरातून. शामियान्याचा थाट डोळ्यांसमोर असूनही खानाला त्याचा अर्थ लागत नाही, हे पाहणारा वाचक राजांच्या बाजूने उभा असतो.

गूढसंकेतांची कादंबरी वाचकाला नेमके खानाच्या जागी उभे करते. सर्व खुणा त्याच्यापुढे मांडलेल्या असतात आणि एकीचाही अर्थ त्याच्या हाती दिलेला नसतो. शिवकालाचे गुणगान करणारी कादंबरी आपल्या वाचकाला शामियान्यातील अनभिज्ञ पाहुण्याची भूमिका देते, हा विरोधाभास मोठा मौजेचा आहे. अर्थात हा लेखकाचा दुष्ट हेतू नव्हे. वाङ्मयप्रकाराचीच ती अट आहे. पण मराठीत रहस्य सांगण्याची दुसरी, वाचकाला विश्वासात घेणारी रीत तीनशे वर्षांपूर्वी सिद्ध झाली होती, आणि तिचा उपयोग करून पाहावा असे आजच्या रहस्यकादंबरीला वाटलेले दिसत नाही.

आता राजमुद्रेकडे. संस्कृत मजकुराची ही अष्टकोनी मुद्रा १६४०च्या दशकातील पत्रांपासून आढळते. तिचा आशय सर्वज्ञात आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य असलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे. मुद्रा हा मुळात गुप्ततेचा नसून जाहीरपणाचा प्रकार आहे. ज्या पत्रावर ती उमटते ते पत्र खरे आहे, अमुक माणसाच्या अधिकाराने लिहिले गेले आहे, हे ती पत्र हाती घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर हा शिक्का असे, आणि मजकूर संपला तेथे दुसरी लहान मुद्रा असे. ही येथवरची मर्यादा आहे, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरलेले असत. तेच मोर्तब. मोर्तबाचे काम एकच : याच्या खाली कोणी पदरचे काही घालू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आज सहज वापरला जातो. परंतु संहितेचा आरंभ कोणता आणि शेवट कोणता याविषयीचा एक काटेकोर विचार त्यात साठवलेला आहे. उंबेर्तो एको यांनी अर्थनिर्णयाच्या मर्यादांचा जो प्रश्न १९९०च्या सुमारास नव्याने चर्चेत आणला, तो मराठ्यांच्या दफ्तरखान्यात अशा व्यावहारिक रूपात सुटलेला होता. गूढसंकेतांची कादंबरी शिक्का उचलते आणि मोर्तब विसरते. शिक्क्यातील शब्दांना ती अशा अर्थांचे ओझे वाहावयास लावते की ज्यांना मर्यादा उरत नाही.

येथे शीर्षकातील एका जोडाक्षराचा विचार टाळता येत नाही. मुद्रेतील शब्द ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ असा आहे. प्रतिपद् आणि चंद्र यांचा संधी होताना ‘द्’चा ‘च्’ होतो, जसा उद् आणि चार यांचा ‘उच्चार’ होतो. ‘श्च’ व्हावयास आधी विसर्ग किंवा सकार हवा, जसा निः आणि चय यांतून ‘निश्चय’ होतो. प्रतिपद् या शब्दात तो नाही. ‘प्रतिपश्चंद्र’ हे रूप कादंबरीकाराने निर्माण केलेले नव्हे. फलकांवर, वाहनांच्या काचांवर, अंगावरच्या सदऱ्यांवर ते रूढ झालेले आहे आणि कादंबरीने ते प्रचलित रूपात स्वीकारले आहे. एरवी अशा चुकीची दखल घेणे हा शुद्धलेखनाचा कर्मठपणा ठरला असता. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराचे सारे सामर्थ्य अक्षर न्‌ अक्षर निरखण्याच्या दाव्यावर उभे आहे, त्यात हा प्रश्न गौण राहत नाही. मुद्रेत गुपित शोधणाऱ्या हजारो डोळ्यांनी मुद्रेतील पहिला शब्द वाचलेला नाही, असा याचा अर्थ होतो. मुद्रेच्या कोणत्याही स्पष्ट ठशात तो ‘च्च’ उघड दिसतो. तो दडवलेला नाही, म्हणूनच बहुधा कोणाला दिसला नाही.

खजिन्याचेही असेच आहे. या प्रकारातील कादंबऱ्यांना लपवलेल्या संपत्तीचे आकर्षण असते, आणि इतिहासातील मौन हेच त्यांच्या दृष्टीने लपवल्याचे प्रमाण असते. सभासद मात्र मौन बाळगत नाही. त्याच्या बखरीत नाणी, जडजवाहीर, कापड, धान्य, घोडे, हत्ती यांच्या लांबलचक याद्या येतात. रहस्यप्रेमी वाचक नेमकी ही पाने उलटून पुढे जातो. वस्तुतः बखरकाराच्या दृष्टीने तीच राज्याच्या थोरवीची साक्ष असावी. पुढे एका गोष्टीची जोड द्यावयास हवी. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी क्षेत्र महाबळेश्वर येथे शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाबाई आणि वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. कृष्णेच्या उगमाजवळ, यात्रेकरूंच्या देखत सोने तोलले गेले आणि दान झाले. महाबळेश्वराशी शिवकालीन सोन्याचा जो निश्चित संबंध ज्ञात आहे तो असा आहे : ते पुरले गेले नाही, वाटले गेले. एखाद्या कादंबरीकाराने या तुलेचे वर्णन करावे, एका पारड्यात आई आणि दुसऱ्यात सोने अशा त्या क्षणाला शब्द द्यावेत, तर त्यात कोड्याची गरजही भासू नये. गूढसंकेतांच्या रचनेला असा प्रसंग मात्र निरुपयोगी असतो, कारण त्यात शोधण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.

एको यांच्या ‘फूकोज पेंड्युलम’ (१९८८) या कादंबरीत एका फाटक्या कागदाच्या आधारे जगद्‌व्यापी कटाचा आराखडा रचला जातो, आणि एक स्त्री तोच कागद शांतपणे वाचून तो व्यापाऱ्याच्या मालाची यादी असावी असे दाखवून देते. पाश्चात्त्य गूढसंकेतकथेची ही टीका तिच्याच पोटातून आली. मराठीत अशी टीका लिहिली जाण्यासाठी वेगळी सामग्री शोधावी लागणार नाही, कारण मराठीला स्वतःचा सांकेतिक लिपीचा इतिहास आहे आणि तो कल्पित नाही.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपीचा उलगडा करण्याचे श्रेय वि. का. राजवाडे यांना दिले जाते. किल्ली हाती लागली, कपाट उघडले, आणि आत काय निघाले? सोने नव्हे, नकाशा नव्हे. निघाले ते तेराव्या शतकातील मराठी गद्य. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे चालणे, बोलणे, जेवणे, रुसणे, गावोगावची साधी माणसे आणि त्यांचे साधे प्रश्न आहेत. ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात त्याचे भाग प्रसिद्ध केले, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. या काळात पाठभेदांचे, प्रक्षेपांचे, भाषेच्या कालनिर्णयाचे वाद झाले आणि ते अद्याप पूर्णपणे मिटलेले नाहीत. कादंबरीतील संकेत फुटला की संहिता संपते. तिचे काम झाले, ती टाकून द्यावयाची. महानुभावीय संकेत फुटला तेव्हा संहिता सुरू झाली. एकीत मजकूर हे कुलूप असते आणि ऐवज दुसरीकडे कोठे तरी असतो. दुसरीत मजकूर हाच ऐवज असतो.

हा फरक केवळ वास्तव आणि कल्पित यांच्यातील नाही, तो वाचनाच्या दोन रीतींमधील आहे. त्यांतील दुसरी रीत महाराष्ट्रात रुजली तिचा एक ठळक टप्पा महाबळेश्वरच्याच पायथ्याशी आहे. पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पानिपतपूर्व काळातील पत्रांचा पहिला खंड १८९८ साली तेथून बाहेर पडला. त्या पत्रांत सांकेतिक असे फारसे नव्हते. पैसे पोचले नाहीत, दाणावैरण मिळत नाही, अमुक सरदार अमुक ठिकाणी आहे, अशा उघड मजकुराची ती पत्रे होती. राजवाड्यांनी ती क्रमाने लावली, तिथ्या पडताळल्या, आणि एका पराभवाची कारणे त्या कोरड्या मजकुरातून बोलू लागली. वाचनाचा असा थरार मराठीत होऊन गेला आहे. त्याला कथेचे रूप मात्र मिळालेले नाही.

गूढसंकेतांच्या कादंबरीच्या वाचकाला भोळा ठरवून प्रश्न संपत नाही. मराठी समीक्षेने रंजक वाङ्मयाकडे पाठ फिरवण्याची जी सवय लावून घेतली तिची किंमत येथे द्यावी लागते, कारण या वाचकाची भूक खरी आहे आणि तिचे कारण कादंबरीच्या बाहेर आहे. ज्या कागदपत्रांतून त्याच्या गावाचा, घराण्याचा, गडाचा इतिहास सांगितला जातो ती बहुतांशी मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी ही पाटील-कुलकर्ण्यांची, सावकारांची, घरगुती पत्रांची रोजची लिपी होती. ती शिक्षणातून गेली आणि दोन-तीन पिढ्यांत नातवाला आजोबांचे खरेदीखत वाचता येईनासे झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत. ते वाचणारे त्या मानाने अगदी मोजके आहेत. जी लिपी कोणापासून काही लपवण्यासाठी योजलेली नव्हती ती अशा रीतीने आपोआप सांकेतिक बनली. आपल्या इतिहासावर कोणी तरी कुलूप घातले आहे, ही या वाचकाची भावना निराधार नाही. तिचे निदान तेवढे चुकते. कुलूप कटाचे नाही, विस्मरणाचे आहे. आणि ते उघडण्यास सात गडांची भ्रमंती लागत नाही, मोडीचे वळण हाताला आणि डोळ्याला बसेपर्यंत काही महिन्यांचा अभ्यास लागतो. कादंबरी पहिल्या भावनेला प्रतिसाद देते आणि दुसऱ्या गोष्टीविषयी मौन राहते. तिच्या यशाचे आणि मर्यादेचे मूळ एकच आहे.

यशही मान्य करावयास हवे. राजमुद्रा ही प्रतिमा म्हणून इतकी परिचित झाली होती की तिच्यात वाचण्यासारखी अक्षरे आहेत, याचे भान हरपले होते. कादंबरीने ती अक्षरे पुन्हा प्रश्नाच्या कक्षेत आणली. ज्या तरुणाने अभ्यासक्रमाबाहेरचे मराठी पुस्तक आजवर हाती धरले नव्हते तो चारशे पाने एका बैठकीत वाचतो, नंतर मुद्रेचा अर्थ शोधतो, बखरीचे नाव प्रथमच ऐकतो. ‘हे खरे असेल का?’ हा त्याचा प्रश्न अपरिपक्व असला तरी चिकित्सेची पहिली पायरी तीच असते. प्रश्न पडल्यानंतर तो कोठे जातो, यावर सारे अवलंबून आहे. पुढच्या रहस्यकादंबरीकडे गेला तर हे वर्तुळ तेथेच पूर्ण होते.

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार या गावी ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ ही योजना सुरू झाली. तेथे एकच ग्रंथालय नाही. गावकऱ्यांच्या घरांत वाङ्मयप्रकारांनुसार पुस्तके मांडलेली आहेत, कादंबरी एका घरी आणि इतिहास दुसऱ्या घरी. अशा गावात गूढसंकेतांची कादंबरी कोणत्या घरी ठेवावी हा प्रश्न ग्रंथपालनाच्या दृष्टीने सोपा आहे. ती कादंबरीच्याच घरी राहणार. वाचकाला मात्र तिच्यातील गुपिताची शहानिशा करावयाची असेल तर पुस्तक फळीवर ठेवून, चपला घालून, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेकडेने इतिहासाच्या घरापर्यंत चालत जावे लागेल, आणि तेथे बखर उघडल्यावर आधी याद्या वाचाव्या लागतील.